एकेक घर चालणारं प्यादं

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत हिंगोली जिल्ह्यात वारंगा फाट्याला येतो आणि तिथं त्याला आखाडा बाळापूर, कळमनुरीमार्गे हिंगोलीहून येणारा रस्ता मिळतो. दोन्ही रस्ते मग एक होऊन नांदेडकडे जातात. या फाट्यावर उतरलेला माणूस खिचडी खाल्ल्याशिवाय सहसा पुढं जात नाही. वाफाळती खिचडी, वर तळलेली मिरची आणि कानावर सतत गाड्यांचे हॉर्न, अशा ठिकाणी एका बाकड्यावर बसून मी एक डाव खेळलो. तो बरोबरीत सुटला. या प्रकरणात मला त्या एका डावाबद्दलच सांगायचं आहे.

समोर होते आबा. नात्यानं माझे कोणी नाहीत, पण फाट्यावर सगळे त्यांना आबा म्हणतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. बुद्धिबळ ते आजोबांकडून शिकले आणि आजोबा खेळत तो देशी खेळ होता. मी पुस्तकं वाचून आणि तालुक्याच्या स्पर्धा खेळून तयार झालेला. दोघांचीही ताकद क्लबात खेळणाऱ्या साध्या खेळाडूइतकी, त्याहून जास्त नाही. ग्रँडमास्टरांच्या डावांवर पुस्तकं भरपूर आहेत. पण ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात माणसाच्या बोटांत कुठून येते, हे मला साध्या खेळाडूंच्या डावात जास्त स्वच्छ दिसतं.

पांढरी मोहरी माझ्याकडं होती. मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. आबांनी राजाच्या बाजूचा घोडा एफ६ वर काढला. मी सी४. त्यांनी जी-प्यादं एकच घर पुढं, जी६. मी घोडा सी३, त्यांनी उंट जी७. मी ई४ खेळून पटाच्या मधोमध प्याद्यांची भिंत उभी केली. त्यांनी डी-प्यादं तेही एकच घर, डी६.

पाचव्या चालीला मी दुसरा घोडा एफ३ वर काढला. आबा माझ्या तीन प्याद्यांकडं बघत म्हणाले, "कायला एवढी पळवायलास? प्यादं हाय ते, घोडा न्हाई. गेलं की माघारी येत न्हाई."

आबा जे खेळत होते त्याला जगभर ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’ म्हणतात, म्हणजे राजाच्या बाजूचा भारतीय बचाव. आबांना हे नाव ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं सगळे असंच खेळायचे." या एका वाक्यात या ओपनिंगचा अर्धा इतिहास आहे.

देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. गावागणिक नियमांत थोडा फरक असायचा, कुठं ठराविक प्याद्यांना दोन घरांची मुभा असायची, पण खेळाचा एकूण धर्म सावकाशीचा. दोन घरांची उडी ही युरोपनं मध्ययुगात सुरुवात लवकर उरकावी म्हणून घेतलेली सोय आहे. किल्लेकोटही देशी खेळात नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची, तीही शह बसण्याआधीच. शेवटच्या रांगेत पोचलेलं प्यादं सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरी पोचलं, ते मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा.

आता विचार करा. प्यादं एकच घर चालणार असेल, तर उंट बाहेर कसा काढायचा? सर्वांत सोयीची वाट म्हणजे घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि त्या रिकाम्या जागी उंट बसवायचा. तिथून तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा सगळ्यांत लांब तिरका रस्ता राखतो. मधली प्यादी डी६, ई६ अशी एकेक घर पुढं येतात. राजा ई८ वरून एक उडी मारून बाजूला जाऊन बसतो. पिढ्यान्‌पिढ्या असं खेळलेल्या माणसाला उद्या दोन घरांची मुभा दिली, तरी त्याचा हात एकाच घरावर थांबतो. आबांचा थांबत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंगालमध्ये नेमकं हेच घडलं आणि त्याच्या लेखी नोंदी उरल्या आहेत. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करत. लंडनमध्येही मोठ्या खेळाडूंत गणले जाणारे. त्यांच्यासमोर मुफसल भागातला एक ब्राह्मण खेळाडू येऊन बसला. इंग्रजी नोंदींत त्याचं नाव मोहेशचंदर बॅनर्जी असं येतं. देशी नियमांत वाढलेला आणि आपल्या मुलखात कोणाला न हरलेला हा माणूस. १८४८ च्या सुमारापासून १८६० पर्यंत दोघं खेळत राहिले आणि त्यांच्या चारशेहून अधिक डावांच्या चाली आज उपलब्ध आहेत. बहुतेक कॉक्रेननी जिंकले. पण मोहेशचंदर काळ्या मोहऱ्यांनी पुन्हा पुन्हा घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६ असंच खेळले. १८५५ च्या एका डावात त्यांनी डी६ ऐवजी डी५ खेळून मध्यावरच थेट घाव घातला. हीच मांडणी १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी मोठ्या स्पर्धांत आणली आणि तिला ग्रुनफेल्ड बचाव हे नाव मिळालं. मधे सदुसष्ट वर्षं गेली होती.

त्या काळच्या युरोपीय जाणकारांना असा खेळ मागास वाटे. मध्य प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोडून द्यायचा म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. १९२० च्या दशकात नव्या पिढीनं उत्तर दिलं की मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असं नाही, दुरून उंटाचा मारा ठेवला तरी तो ताब्यात राहतो. ‘इंडियन’ हे नाव तेव्हा रुळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉन्स्टाइन आणि बोलेस्लाव्हस्की यांनी किंग्ज इंडियनला धार लावली. पुढं फिशर आणि कास्पारोव्ह यांनी त्याच्यावर जगज्जेतेपदाच्या तोडीचे डाव जिंकले. एकेक घर चालणाऱ्या प्याद्याची ही मजल आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

माझ्या डावाकडं येतो. पाचव्या चालीला आबांनी किल्लेकोट केला. राजा जी८ वर, पुढं जी७ चा उंट. "आमच्यात राजा घोड्यावर बसून पळायचा, तुमच्यात हत्तीच्या आडोशाला जातो," एवढंच म्हणाले. मी उंट ई२ वर काढला आणि सहाव्या चालीला त्यांनी पहिल्यांदा दोन घरं वापरली. ई५.

या ओपनिंगचा खरा प्रश्न या घडीला पडतो. पांढऱ्यापुढं तीन वाटा असतात. किल्लेकोट करून ताण तसाच राहू द्यायचा, डी५ खेळून मध्य कुलूपबंद करायचा, किंवा ई५ वरचं प्यादं मारून टाकायचं. पहिल्या दोन वाटांनी गेलं तर पुढं जीवघेणी लढाई असते. पांढरा वजिराच्या बाजूनं चढाई करतो, काळा राजाच्या बाजूनं, आणि जो आधी पोचेल त्याचा डाव. तिसरी वाट अदलाबदलीची. समोरच्याच्या हल्ल्याची धास्ती असली की आम्ही साधे खेळाडू तिकडं वळतो. मी वळलो. डी-प्याद्यानं ई५ मारलं, त्यांनी डी-प्याद्यानं परत मारलं, मी वजिरानं वजीर मारला, त्यांनी हत्तीनं माझा वजीर मारला. आठ चालींत दोन्ही वजीर पटाबाहेर.

वजीर गेले म्हणजे काळ्याची नांगी मोडली असा समज आमच्यात सर्रास आहे. तो चुकीचा आहे आणि त्याचं कारण पटावर बोट ठेवून दाखवता येतं. माझी सी आणि ई रांगेतली प्यादी चौथ्या घरावर पोचलेली. त्यांच्या मधलं डी४ हे घर आता माझं कुठलंच प्यादं राखू शकत नाही, कारण प्यादं मागं येत नाही. आबांचं सी-प्यादं मात्र अजून सी७ वर बसलेलं. हवं तेव्हा एक घर पुढं येऊन ते डी५ राखणार. म्हणजे मी त्यांच्या अंगणात घोडा कायमचा बसवू शकत नाही, त्यांचा घोडा मात्र माझ्या अंगणात मुक्काम ठोकू शकतो. आबा मघाशी जे बोलले होते, ते शब्दशः पटावर उतरलं होतं.

नवव्या चालीला ई५ वरचं प्यादं घोड्यानं मारायचा मोह पुष्कळांना होतो. मारलं की काळा घोड्यानं ई४ वरचं प्यादं मारतो. त्या घोड्याला मारलं तर जी७ चा उंट ई५ वरचा घोडा उचलतो. हिशेब बरोबर आणि वर काळ्याची मोहरी मोकळी. हे मला पाठ होतं. मी उंट जी५ वर आणला, एफ६ च्या घोड्याला डी८ च्या हत्तीशी जखडून. आबांनी हत्ती ई८ वर नेला. ई५ राखलं आणि जखडही सुटली. मी घोडा डी५ वर घुसवला, त्यांनी मारला, मी सी-प्याद्यानं परत मारलं. त्यांनी सी६. मी उंट सी४, त्यांनी डी५ वरचं प्यादं मारलं, मी उंटानं परत मारलं. त्यांचा उरलेला घोडा डी७ वर आला, मी एफ३ चा घोडा डी२ वर घेतला, त्यांचा घोडा सी५ वर. मी वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, तो घोडा ई६ वर पोचला. डी४ आणि एफ४ या दोन्ही घरांवर त्याची नजर.

मी सोळाव्या चालीला उंट ई३ वर नेला, तेव्हा आबा बराच वेळ गप्प बसले. समोरची खिचडी निवत चालली होती. मग त्यांनी घोडा उचलून थेट एफ४ वर, माझ्या उंटाच्या तोंडी ठेवला. मी मारला. त्यांनी ई-प्याद्यानं उंट मारला आणि सोळा चाली गप्प बसलेला जी७ चा उंट एकदम जागा झाला. एफ६, ई५, डी४, सी३, बी२. सरळ माझ्या राजाच्या दारापर्यंत रस्ता मोकळा. अनुभवी खेळाडूंनीही या जागी घोड्याची हीच चाल खेळलेली आहे. आबांनी ती पुस्तकात पाहिलेली नव्हती. उंटाचा रस्ता अडवून बसलेलं आपलं प्यादं बाजूला कसं काढायचं, एवढाच त्यांचा विचार होता आणि लहानपणापासून त्यांचं त्या उंटाशीच नातं होतं.

मी एफ३ खेळून ई४ राखलं, त्यांनी दुसरा उंट ई६ वर आणला. बी७ चं प्यादं फुकट दिसत होतं. घेतलं असतं तर त्यांचा हत्ती बी-रांगेत आला असता आणि हत्ती नि उंट दोघं मिळून माझ्या बी२ वर तुटून पडले असते. मी मुकाट्यानं ई६ चा उंट मारला, त्यांनी हत्तीनं परत मारलं. पटावर दोघांचे दोन-दोन हत्ती, माझ्याकडं घोडा, त्यांच्याकडं उंट. कोणाचंच पारडं जड नाही.

पुढच्या वीस-पंचवीस चाली सांगण्यासारख्या नाहीत. हत्ती गेले, घोड्याबदली उंट गेला आणि आमचे राजे स्वतः मैदानात उतरले.

इथं थोडं थांबून दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण आबांसारख्यांना ओपनिंग येत नाही असं म्हणणारे भेटतात. मीर सुलतान खान पंजाबातल्या सरगोधा भागातले, सर उमर हयात खान यांच्या पदरी. देशी नियमांवर वाढलेले. १९२९ मध्ये ते विलायतेत गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, नंतर १९३२ आणि १९३३ मध्येही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. त्यांची सुरुवात कच्ची असे, हे सगळेच सांगतात. पण तिच्यातून वाचून ते डावाच्या मध्यात पोचले की समोरच्याला घाम फुटायचा. २०२४ मध्ये जागतिक संघटनेनं त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

आपल्याकडं दोन्ही पद्धतींची गाठ फार पूर्वी पडली होती. १८१४ मध्येच मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं, बुद्धिबळातले पेचप्रसंग युरोपीय पद्धतीला जुळवून मांडणारं. मराठी मुलखात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं आणि तिथल्या भाऊसाहेब पडसलगीकरांनी हा खेळ जिवापाड जपला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांनी देशाचा पहिला विजेता ठरवताना एक मराठी माणूस होता आणि तिथंही दोघांत बरोबरीच होती.

बरोबरीला कमी लेखणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी समोरासमोर आल्या. नियमित वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. ते दोन अर्धे गुण हातात होते, म्हणून दिव्या जलद डावांपर्यंत पोचली आणि तिथं जिंकून विश्वचषकाची मानकरी झाली, ग्रँडमास्टरही झाली. फाट्यावरून जाणारा महामार्ग तिच्याच गावाहून येतो, हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते कौतुकानं रस्त्याकडं बघत राहिले.

शेवट असा झाला. राजा-प्याद्यांच्या लढतीत माझ्याकडं दोन प्यादी, ई आणि जी रांगेतली. त्यांच्याकडं एकच, एच रांगेतलं. त्यांच्या प्याद्यानं माझं जी-प्यादं मारलं, माझ्या राजानं ते प्यादं मारलं. आबांकडं आता नुसता राजा.

मला वाटलं, जिंकलो. माझा राजा प्याद्याच्या पुढं चालला असता तर खरंच जिंकलो असतो. या शेवटाचा नियम तोच आहे, राजानं पुढं व्हायचं आणि प्यादं मागून आणायचं. मी घाईनं प्यादं आधी पळवलं. माझा राजा डी५, प्यादं ई५, त्यांचा राजा डी७. मी प्यादं ई६ वर सरकवून शह दिला. ते ई७. मी राजा ई५.

आता त्यांच्या राजाला मागं जायला तीन घरं होती, डी८, ई८ आणि एफ८. त्यातलं एकच बरोबर. डी८ वर गेले असते तर मी डी६, एफ८ वर गेले असते तर मी एफ६ आणि दोन्हीकडं माझं प्यादं वजीर झालं असतं. आबांनी राजा सरळ मागं ई८ वर ठेवला. विचार करायलाही थांबले नाहीत. मी डी६, ते समोर डी८. मी प्यादं ई७, शह. ते ई८. आता प्यादं सोडून द्यायचं किंवा राजा ई६ वर आणायचा, एवढंच माझ्या हाती. मी ई६ केलं. आबांच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही.

याला आज आपण स्टेलमेट म्हणतो. जुना शब्द जिच. वाटाघाटीत जिच पडली असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो शब्द या पटावरचाच आहे. आजच्या नियमानं जिच म्हणजे बरोबरी, दोघांना अर्धा-अर्धा गुण. पण हे काही आदिकाळापासून ठरलेलं नाही. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात समोरच्याची अशी कोंडी करणारा हरला असं धरत. एकच स्थिती, आणि कोण जिंकलं हे मुलूख आणि काळ बघून ठरायचं.

मी हात पुढं केला. म्हणालो, "आबा, बरोबरी."

आबांनी हात मिळवला, पण मान हलवली. "बरोबरी कवाच झाली होती. माझं शेवटचं प्यादं तू मारलंस, तवाच बुर्जी झाली. नुसता राजा उरला की डाव संपला. तू उगा चालवायलास म्हणून मी चाललो."

त्यांच्या आजोबांच्या नियमानं ते बरोबर होते. देशी खेळात राजा एकटा पडला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. मी ज्या चालीला मनातल्या मनात जिंकलो होतो, त्याच चालीला त्यांच्या लेखी डाव संपला होता. पुढच्या साऱ्या चाली ते माझ्या नियमांनी, माझ्या समाधानासाठी खेळले आणि एकही चुकले नाहीत.

नांदेडची बस यायला अजून वेळ होता. आबांनी पट फिरवला, पांढरी मोहरी आपल्याकडं घेतली आणि बोटानं एकेक घरात नीट बसवली. मग राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं.